अडलेल्या पावत्या

सारजाच्या कॉम्प्युटरला ऊन बाधतं, अशी बोलवा शेळगावच्या फाट्यावर उठली त्याला आठवडा होत आला होता. सकाळी गडी ताजातवाना. बटण दाबलं की अक्षर हजर. दहाच्या पुढं मात्र त्याला जी सुस्ती चढायची, ती बारापर्यंत अशी वाढायची की सारजानं शेतकऱ्याचं नाव टाईप करावं, उठून माठातलं पाणी प्यावं, ओढणीनं तोंड पुसून परत येऊन बसावं, तरी पडद्यावर नावाचं पहिलंच अक्षर. पावती तर एकही बाहेर पडत नव्हती. शेजारचा प्रिंटर कागद तोंडात धरून नुसता बसून असायचा.

"ऊन बाधतंय म्हणं! डोंबलाचं ऊन," सारजा फणकारायची. "त्याच्या डोक्यावर फॅन हाय. बाधलं तर मला बाधंल, मी कळसवरनं येष्टीत उभी ऱ्हाऊन येती."

कळसच्या तात्याबांची ही धाकटी लेक. घरात दोन पिढ्या मेंढरामागं गेलेल्या. तात्याबांनी मेंढरं विकून शेती धरली आणि सारजानं शेती सोडून बारामतीला ज्ञानेश सरांच्या क्लासात कॉम्प्युटर धरला. पावणेरावळे विचारायचे, पोरगी काय करती, तर म्हातारा छाती काढून सांगायचा, "कॉम्प्युटर वळती." हसणारे हसायचे. पण सबंध कळसात पगारावर जाणारी पोरगी एकच, आणि ती आपली, ह्याचा म्हाताऱ्याला केवढा तोरा! त्या तोऱ्यापायी सारजा ताप अंगात असला तरी येष्टी चुकवायची नाही.

डाळिंबवाल्यांचा संघ म्हणजे फाट्यावरची पत्र्याची एक खोली आणि तिच्या अंगाला मोठं शेड. शेतकऱ्यानं क्रेट आणायचे, शेडात काट्यावर एकेका क्रेटचं वजन व्हायचं, पावती मिळायची, आणि पाचला ट्रक वाशीला सुटायचा. पावती हातात पडल्याशिवाय शेतकरी हलत नसे. हलेल कसा? माल एकदा ट्रकात चढला की त्याच्या हातात दुसरं उरतं काय?

नव्व्याण्णव सालच्या त्या हंगामात संघानं कॉम्प्युटर घेतला. त्यात ज्ञानेश सरांनी विंडोजच्या ऐवजी लिनक्स घातलं, एका मासिकाबरोबर सीडी फुकट आली होती त्यावरून. वजनाचा आणि पावतीचा प्रोग्रामही त्यांनीच लिहून दिला. चेरमन अप्पांना मात्र ते 'फुकट' पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "फुकट गावलंय म्हंजी खोट आसणारच की वो," असं ते येईल त्याला सांगत. तरी महिनाभर सगळं झकास चाललं. कॉम्प्युटर शेडातच, काट्याशेजारी. मापाडी मानसिंग आकडा पुकारायचा, सारजा टाईप करायची, शेवटचा क्रेट झाला की खर्रकन पावती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शेडातली धूळ कॉम्प्युटरात जाते. म्हणून तो खोलीत हलवला, आणि शेडात नुसता एक पडदा आणि बटणांची पाटी ठेवून तिथपर्यंत तार ओढली. तिथं टाईप करायचं मानसिंगनं. सारजानंच त्याला शिकवलं. आधी क्रेटचा नंबर, मग वजन, झालं. म्हातारा चष्मा पुसून बसला आणि एका दुपारीत शिकला, तेव्हा सारजानं त्याला शेडातल्या सगळ्या हमालांदेखत चहा पाजला होता.

आणि तेव्हापासूनच हा वनवास सुरू झाला. दिवसभर कॉम्प्युटर रडायचा, आणि दिवस कलला की सारजानं कार्बन घालून सगळ्या पावत्या हातानं खरडायच्या. बोटं निळी.

त्या दिवशी सकाळपासून चंद्राबाई आपल्या रिकाम्या क्रेटच्या ढिगावर बसून होती. तिचा माल केव्हाच मोजून झाला होता. बाई जिभेची तिखट.

"सारजे, दोन हजार साली समदी कॉम्प्युटरं बंद पडणार म्हणत्यात. तुजं वाईच आदीच पडलं व्हय गं?"

आजूबाजूचे शेतकरी खो खो हसले. सारजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती काही बोलणार तोच अप्पा तरातरा आत आले, तिला काहीही न विचारता त्यांनी फोन उचलला आणि बारामतीला ज्ञानेश सरांचा नंबर फिरवला. पलीकडचं सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढा त्या फोनचा आवाज होता.

"अप्पा, मशीन चांगलं आहे," सर म्हणत होते. "प्रोग्राम महिनाभर नीट चालला ना? मग आता कुणीतरी काहीतरी वेगळं करत असणार. माझी इथं परीक्षा चालू आहे मुलांची, मला आठ दिवस तरी निघता येणार नाही. तोवर तुमच्या ऑपरेटरला जरा विचारून बघा."

अप्पांनी फोन आपटला. अप्पा तसे दिलदार माणूस, पण राग आला की त्यांचं तोंड डोक्याच्या पुढं पळायचं. ते खोलीच्या दारात उभे राहिले आणि शेडातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे गरजले,

"ऐका रं समदी! हा घोळ कुणामुळं झालाय ते आज गावलं पायजे. आन् ज्याच्यामुळं झालाय, त्यो उद्यापास्नं ह्या शेडात पाय ठिवणार न्हाय. मंग कुणी का आसंना! अप्पाचा शब्द हाय ह्यो!"

शेडातल्या सगळ्या नजरा, अगदी न सांगता, सारजाकडं वळल्या.

तिला वाटलं, धरणी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण धरणी काही फाटली नाही, आणि मग सारजाला संताप आला. कुणाला सांगतात हे, वेगळं करतंय म्हणून? मी? आठवडाभर बोटं निळी करून घेतली ती मी, टोमणे खाल्ले ते मी, आणि वर चोरही मीच? उद्या घरी काय सांगू, तात्याबांना काय सांगू? कॉम्प्युटर वळणारी लेक घरी हाकलली म्हणून?

"अप्पा," ती म्हणाली, "ट्रक निघायच्या आत मी हे हुडकून काढती. पण तवर मला कुणी हाक मारायची न्हाय."

"काढ की," अप्पा म्हणाले. "मी कुठं न्हाय म्हणतो!"

सारजानं फोन उचलला आणि परत बारामती लावली.

"सर, मला मालकाचा पासवर्ड पायजे."

मालकाचा म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात कुठंही जाता येईल असा. तो सरांनी आजवर कुणाला दिला नव्हता.

"सारजा, त्यानं काही बिघडलं तर?"

"सर, बिघडलेलंच हाय की. आनखी काय बिघडणार?"

सर हसले. माणूस भला होता. त्यांनी पासवर्ड सांगितला. तो त्यांच्या मुलीच्या, मोनाच्या नावाचा निघाला. "कुठलीही ओळ बदलण्याआधी मूळची नक्कल ठेव," एवढंच ते वर म्हणाले. "आणि घाई करू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल."

एका वेळी एकच गोष्ट. सारजानं ओढणी कमरेला खोचली.

पहिल्यांदा तिनं टॉप नावाची आज्ञा दिली. ती दिली की कॉम्प्युटर ह्या घडीला काय काय करतोय, आणि कुठलं काम त्याची किती ताकद खातंय, ते ओळीनं समोर येतं. पडद्यावर दिसणारीच नव्हेत, मागं गुपचूप चालणारी कामंसुद्धा. तिला वाटलं होतं, कुठलं तरी अनोळखी नाव दिसेल, आपण त्याची मानगूट धरू आणि बाहेर फेकू. हळूहळू, रखडत रखडत ओळी उमटल्या. अनोळखी काहीच नव्हतं. वरपासून खालपर्यंत एकच नाव. पावती, पावती, पावती, पावती.

चोर घरातलाच निघाला की!

शेतकऱ्याचा पहिला क्रेट काट्यावर चढला, की त्याच्या नावानं पडद्यामागं एक पावतीचं काम सुरू व्हायचं, आणि पावती छापून झाली की ते काम आपोआप मिटायचं, असा सरांचा बेत. म्हणजे एका वेळी एखाद-दुसरं काम दिसायला हवं. इथं सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यापासून आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचं काम जिवंत होतं. एकही मिटलेलं नव्हतं, आणि सगळी मिळून कॉम्प्युटरची ताकद कुरतडून खात होती.

तिनं त्यातलं सगळ्यात जुनं काम मारून टाकलं. तशी आज्ञा असते, मार म्हटलं की मरतं. कॉम्प्युटरनं जरासा श्वास घेतला. दुसरं मारलं, आणखी जरा मोकळा झाला. सारजाच्या ओठावर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात बाहेरून चंद्राबाईनं हाळी दिली, "माजी पावती निगती का न्हाय गं?" आणि सारजाचं हसू जागच्या जागी जिरलं. मारलेल्यातलं पहिलं काम चंद्राबाईचंच होतं. काम मेलं म्हणजे पावतीही मेली. कळप जड झाला म्हणून मेंढरं मारत सुटलं तर कळप चपळ होतो खरा, पण त्याला कुणी राखण म्हणत नाही. तिनं मारलेली दोन्ही कामं मुकाट्यानं परत चालू केली. कॉम्प्युटर परत कण्हायला लागला.

म्हणजे मारून भागणार नव्हतं. कामं मिटत का नाहीत, हे बघायला हवं होतं.

तिनं प्रोग्राम उघडला. सगळा इंग्रजीत, पण लांबीला बेताचा. क्लासात असले प्रोग्राम वाचायला शिकवलेलं होतं, लिहायला नाही. ती पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. कळली नाही तर परत वरून. दोनदा तिला वाटलं की हे आपल्या आवाक्यातलं नाही, आणि दोन्ही वेळा तिला दारात उभे राहून गरजणारे अप्पा आठवले, आणि बोट पुढं सरकलं.

आणि मग तिला ती जागा दिसली. प्रोग्राम तिथं विचारत होता, एक नंबरचा क्रेट आला का? आला असेल तर दोन बघ, तीन बघ, असं करत शेवटपर्यंत जा आणि छाप. आला नसेल तर परत बघ. आला का? नाही? परत बघ. मधे दम खाणं नाही, थांबणं नाही. पाहुण्याच्या वाटेकडं डोळे लावून ओट्यावर बसणं वेगळं, आणि दर क्षणाला फाट्यापर्यंत पळत जाऊन येणं वेगळं. हा प्रोग्राम पळत होता. सेकंदाला हजार वेळा पळत होता. आणि असे पळणारे सकाळपासून वाढतच चालले होते. मग कॉम्प्युटरच्या अंगात त्राण उरेल कसं?

"आगं बाई," सारजा स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "हे समदं उलटं हाय!"

आठवडाभर सगळे म्हणत होते की कॉम्प्युटर सुस्त पडतो म्हणून पावत्या अडतात. तिलाही तेच वाटत होतं. अहो, तसं नव्हतंच! पावत्या अडत होत्या म्हणून कॉम्प्युटर सुस्त पडत होता. सकाळी तो चपळ असायचा तेव्हा तरी कुठं पावती निघत होती? चपळाईच्या नादात ते कुणी बघितलंच नव्हतं.

तिनं आधी मूळ प्रोग्रामची नक्कल बाजूला ठेवली आणि 'परत बघ'च्या आधी एक ओळ घातली. पाच सेकंद थांब, मग बघ. सगळी कामं नव्यानं चालू केली. आणि काय सांगावं! बटण दाबलं की अक्षर. पडदा पाण्यासारखा वाहायला लागला.

नेमके तेव्हाच अप्पा आत डोकावले. त्यांनी ती पळणारी अक्षरं बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "झालं की गं दुरुस्त! वा रं पठ्ठे! बगा, म्या म्हणलं नव्हतं, मनावर घेतलं की हुतं समदं?"

आता इथं थांबता आलं असतं. अप्पा खूश होते, राग उतरला होता. पावत्या आजच्या दिवस हातानं लिहिल्या असत्या, आणि कुणामुळं झालं हा प्रश्न चहाबरोबर गिळला गेला असता. सारजाला ते दिसत नव्हतं असं नाही. पण तिच्या शेजारी प्रिंटर तसाच कागद तोंडात धरून बसला होता.

"झालं न्हाय, अप्पा," ती म्हणाली. "नुस्ता दम लागायचा थांबलाय. पावती कुठं आलीय?"

"आगं पण आता चालतंय की."

"चालतंय, पण पोचत न्हाय कुठंच. मुळावर गेल्याशिवाय मी उठायची न्हाय."

अप्पांनी तिच्याकडं जरा चमकून बघितलं आणि ते बाहेर गेले.

एक नंबरचा क्रेट येत का नाही? बाकी सगळे येत असणार, वजनं तर पडद्यावर चोख दिसत होती, फक्त त्यांच्यापुढं क्रेटचा नंबर दिसत नसे. मग एकच तेवढा वाटेत कुठं गळतो? तारेतच काहीतरी असणार, तिला वाटलं. एखाद्या उंदरानं कुरतडली असेल, कुठं क्रेटखाली दबली असेल. ती उठली आणि खोलीच्या खिडकीपासून तार हातात घेऊन, बोटांनी चाचपत, पावलापावलानं शेडात गेली. तार पत्र्याच्या कडेनं गेली होती, खांबाला दोनदा वेढा घालून काट्याकडं उतरली होती. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. चाचपत चाचपत ती मानसिंगच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

मानसिंगला पत्ता नव्हता. नवा शेतकरी आला होता आणि त्याचा पहिला क्रेट हमालानं काट्यावर ठेवला होता. म्हाताऱ्यानं काटा स्थिर होऊ दिला, चष्मा नीट केला आणि शेडाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पुकारलं,

"लाऽभ!"

आणि पुकारता पुकारता त्याचं जाडं, घट्टे पडलेलं बोट खाली आलं आणि शून्याच्या बटणावर टेकलं.

दुसरा क्रेट आला. "दोऽन!" दोनाचं बटण. "तीऽन!" तिनाचं.

सारजाच्या हातातली तार गळून पडली.

पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं? पायलीनं जोंधळा मोजायचे तेव्हापासून ते चालत आलेलं. पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की रास एकावरच आटते, लाभ म्हटलं की वाढते. तिची आई घरात बाजरी मोजताना लाभच म्हणायची. आणि महिनाभर ह्या काट्याशेजारी बसून सारजानं तेच ऐकलं होतं. मानसिंग लाभ म्हणायचा आणि तिचं बोट, तिला न विचारता, एकाच्या बटणावर जायचं. इतकं आपोआप, की लाभ आणि एक ह्यांच्या मधे कुणीतरी उभं आहे, आणि ते आपण आहोत, हे तिला एकदाही जाणवलं नव्हतं.

"मानसिंग तात्या," ती म्हणाली, "पैल्या क्रेटाला काय दाबलं तुमी?"

"पूज्य," मानसिंग म्हणाला. जुनी माणसं शून्याला पूज्यच म्हणतात. "का गं?"

"एक का न्हाय दाबला?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं असं बघितलं, जणू हिला उन्हानं काही झालं की काय. "पैल्या मापाला एक? मापाड्याचा हात हाय पोरी ह्यो, कुणाच्या मालाचं वाटोळं कराया न्हाय. तू शिकवलंस त्यात लाभाचं बटण न्हवतं. मंग म्हणलं, पूज्य मोकळंच बसलंय, ते लाभाला दिऊ."

खरं सांगायचं तर सारजाला त्या क्षणी म्हाताऱ्याचा असा राग आला, की ती पाटी उचलून शेडाबाहेर फेकावी. आठवडाभराची निळी बोटं, ते टोमणे, ती सगळ्यांची नजर, आणि हा इथं शांतपणे पूज्य दाबतोय! तिच्या तोंडात शब्द जमले होते. पण तिच्या तोंडाकडं बघता बघता मानसिंगला काहीतरी उमगलं. त्यानं पाटीवरचा हात असा झटकन मागं घेतला, जणू बटणं तापलेली असावीत. "सारजे," तो हळूच म्हणाला, "माज्यामुळं तर न्हाय ना गं झालं हे?"

अप्पांचा शब्द त्यानंही ऐकलाच होता. मिसरूड फुटल्यापासून तो माप घालत होता, आधी खळ्यांवर, मग ह्या काट्यावर. बायको गेलेली, लेकी नांदायला गेलेल्या. ह्या शेडाशिवाय त्याला जायला जागाच कुठं होती? सारजाच्या तोंडातले शब्द तिथंच विरले.

"आदी पावत्या काढू," ती म्हणाली आणि पळतच खोलीत गेली.

आता काम सोपं होतं. पहिल्या क्रेटाच्या जागी शून्य आलं तर तोच पहिला धरायचा, एवढंच प्रोग्रामला शिकवायचं होतं. तिनं ओळ लिहिली, दोनदा तपासली, सगळी कामं नव्यानं चालू केली आणि श्वास रोखून बसली. पाच सेकंद गेले. आणि आठवडाभर मुका असलेला प्रिंटर एकदम खर्र खर्र करून बोलायला लागला. पहिली चंद्राबाईची, मग पुढची, मग त्याच्या पुढची. कागदाची पट्टी टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत. शेतकरी दारात गर्दी करून आपापली पावती फाडून घ्यायला लागले, आणि टॉपच्या यादीतली पावतीची नावं एकेक करून मिटत गेली. शेवटी एकही उरलं नाही. सारजाला रडू आलं. तिनं ते नाकात दाबून धरलं.

बाहेर ट्रक अजून भरतच होता.

"शाब्बास!" अप्पा गर्दीतून वाट काढत आले. "आता सांग. कुणामुळं झालं हे?"

"अप्पा, झालं ते झालं. निगाल्या ना पावत्या?"

"आसं न्हाय चालायचं. चारचौगांत शब्द दिलाय म्या. नाव सांग."

गर्दीच्या मागून आवाज आला, "माज्यामुळं, अप्पा." मानसिंग टोपी हातात घेऊन उभा होता.

"न्हाय," सारजा ताडकन उठली. "माज्यामुळं. तात्यांस्नी म्या शिकवलं. समदी बटणं दावली, पण तुमी मोजता कसं, त्ये इचारलं न्हाय. लाभाला कुठलं बटण, त्ये मीच सांगायला पायजे व्हतं. चूक माजी हाय." बोलून गेली खरी, आणि मग तिच्या ध्यानात आलं. कळसची येष्टी, तात्याबांची छाती, टेबल, पडदा, सगळं एका वाक्यात तिनं देऊन टाकलं होतं. पण वाक्य खरं होतं, आणि ते मागं घ्यायचं तिच्या मनात आलं नाही.

"म्हंजी काय झालं काय नेमकं?" अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कसला लाभ?"

सारजानं त्यांच्याकडं नीट बघितलं. "अप्पा, तुमी घरी जोंधळ्याचं माप घालता, तवा पैल्या मापाला काय म्हणता?"

"लाभ म्हणतो. मंग काय एक म्हणून वाटोळं करून घिऊ?"

"आन् मानसिंग तात्यांच्या जागी तुमी बसला आसता, तर एकाचं बटण दाबलं आसतं?"

अप्पांनी मानसिंगकडं बघितलं, सारजाकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडं बघितलं.

"न्हाय बा," ते शेवटी म्हणाले. "माजं बी बोट धजलं नसतं."

"मंग काढा की समद्यांस्नी," सारजा म्हणाली. "मला काढा, तात्यांना काढा, चंद्राबाईला काढा. लाभ न म्हणणारं हितं कोण हाय त्ये दावा, आन् त्याला ठिवा."

पहिली हसली चंद्राबाई. पावती पदरात खोचून तिनं जे खिदळणं सुरू केलं, ते शेडभर पसरलं. हमाल हसले, ट्रकचा ड्रायव्हर हसला. अप्पा मात्र हसले नाहीत. ते मान खाली घालून उभे होते.

"पण शब्द तर गेलाय ना माजा," ते म्हणाले. "कुणीतरी भायेर ऱ्हायाच पायजे."

"मंग तुमीच ऱ्हावा," चंद्राबाई म्हणाली. "संघ तुमचा, शब्द तुमचा, तोंड बी तुमचंच."

लोकांना वाटलं, झाली थट्टा, संपली. पण दुसऱ्या दिवशी सारजा येष्टीतून उतरली, तर अप्पा शेडाच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसलेले. आत पाऊल नाही. तिथूनच हमालांवर ओरडत होते, तिथूनच शेतकऱ्यांना रामराम घालत होते. चहा आला तोही बाहेरच. सबंध सकाळ क्रेट आत गेले, पावत्या बाहेर आल्या, कॉम्प्युटर एकदाही अडला नाही, आणि अप्पा मान लांब करकरून काट्याकडं बघत राहिले. त्यांना राहवेना. दुपारी त्यांनी खुर्ची उंबऱ्याच्या आणखी जवळ ओढली आणि खोलीच्या खिडकीकडं तोंड करून, आवाज होईल तेवढा खाली आणून, विचारलं,

"सारजाबाई, वजनं बगाया वाईच आत येऊ का?"

संघात आजवर तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं. सारजानं पडद्यावरची नजर काढली नाही. पुढच्या शेतकऱ्याचं नाव टाईप करून पुरं केलं, आणि मग म्हणाली,

"आजचा दिवस ऱ्हावा भायेरच, अप्पा. उद्याचं उद्या बगू."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची परत मागं सरकवली.